चारशे एकतीस मीटर

हर्णैच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
माझी खोली. टेबलावर एक उघडं यंत्र,
बोटीखालची खोली मोजणारं.
दोन्हींना एकच शब्द. माझी तक्रार नव्हती,
त्या सकाळपर्यंत.

फोनवर हिराजी चोगले, सुवर्णदुर्गाच्या अलीकडे,
मागे इंजिन धडधडतंय.
"बाय, पडद्यावर चारशे एकतीस मीटर दाखवतंय.
माझा बांबू तर इथं तळाला टेकतोय."

मी म्हटलं, बांबूचं ऐका. मी बघते.

आदल्या दिवशी बोटीचं नाव बदललं होतं.
'सागर' होती, 'सागरकन्या' झाली;
मुलगी झाल्याचा पेढा मलाही मिळाला होता.
नावासाठी मी सोळा बाइट ठेवलेले.
सोळा बाइट म्हणजे सोळा अक्षरं, असं वाटलं होतं,
इंग्रजीत चाचणी घेतली की असंच वाटतं.
आपलं अक्षर तीन बाइट खातं,
काना वेगळे तीन, पाय मोडला तर त्याचेही तीन,
आणि शेवटी एक शून्य, दाराला कडी म्हणून.
'सागर': बारा आणि एक. निवांत.
'सागरकन्या': सत्तावीस आणि एक.

स, काना, ग, र, क. पंधरा झाले.
न उंबऱ्यात अडकला,
एक तुकडा आत,
दोन तुकडे शेजारच्या घरात.
शेजारी खोली राहत होती, दोनच बाइटांत, सेंटिमीटरमध्ये.
त्या दोन तुकड्यांचा आकडा होतो
त्रेचाळीस हजार एकशे बहात्तर.
कागदावर करून पाहिला. बरोबर आला.
उत्तर बरोबर येऊन इतकी लाज
मला शाळेतही वाटली नव्हती.

एस-प्रिंट-एफ जुनी बाई आहे,
सांगाल तेवढं ओतते, भांडं केवढं ते विचारत नाही.
तिच्या नावात एक एन घातला, माप सांगितलं,
दुपारी नवा ड्रायव्हर बोटीवर चढवला.
आता खोली दोन मीटर दहा. बांबूशी जुळणारी.

तासाभरात पुन्हा फोन.
"सागरक? ही कोणाची होडी?"

मी गप्प. सांडलं नव्हतं काही,
पण मुलीचं नाव कापलं गेलं होतं,
आणि फंक्शननं मला सांगितलंही होतं:
सत्तावीस लागतील.
परत आलेला तो आकडा मी हातात न घेताच
खाली पडू दिला होता.

मग बसले नीट. जागा चौसष्ट केली,
पण चौसष्ट हा आकडा दुसऱ्यांदा कुठे लिहिला नाही,
जागेलाच विचारलं, तू केवढी?
त्यातही मावलं नाही तर अक्षराच्या काठापर्यंत मागे यायचं,
अर्धा न कोणाच्या पदरात टाकायचा नाही,
आणि नोंद करायची: नाव अपुरं आहे.
नावापुढे वेळ, वेळेपुढे खोली जोडत जाताना
उरलेली जागा दर वेळी नव्यानं मोजायची.
कारण उणे एक, चिन्ह न बघता वाचलं
की चारशे एकोणतीस कोटींची मोकळी जागा दिसते,
आणि ओतणारा खूश होऊन ओतत राहतो.

संध्याकाळी लिलाव उठल्यावर खाली उतरले.
वाळूत माशांचे खवले, रिकामे हारे,
लियाकत परकार 'सागरकन्या'च्या नाळीवर नाव घालत होता.
खडूनं त्यानं आधी 'न्या' काढलं,
फळी संपते तिथून चार बोटं सोडून,
मग मागे मागे येत 'सा'पर्यंत.
"पहिल्यापासून सुरू केलं तर?" मी विचारलं.

त्यानं पलीकडच्या जुन्या होडीकडे ब्रश केला.
तिच्यावर 'देवाची कृ' एवढंच,
'पा' बघायला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जावं लागत होतं.
"तेपण माझंच काम," तो म्हणाला,
"तेव्हा सोळा वर्षांचा होतो."